दादाचा उजवा कान

आधीच सांगून टाकते – भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आणि पंच्याऐंशी ओलांडल्यावर आज तरी कुठं आहे? माझा जन्म तुळजापूरचा. देवळापुढं बायकांच्या अंगात येताना लहानपणी इतक्या वेळा पाहिलं, की त्याची भीतीही गेली आणि अप्रूपही. पुढं जन्मभर मी शाळेत शास्त्र शिकवलं. आमची नात या पानावर लोकांनी लिहिलेले अनुभव मला वाचून दाखवते... पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी. मी दर वेळी तिला विचारते, या भुतांना दुसरं लुगडं मिळत नाही का गं? परवा ती चिडली. म्हणाली, "मग येडशीचं काय ते सांग ना. त्याचं उत्तर आहे तुझ्याकडं?"

नाही. म्हणून मी सांगते आहे आणि ती टाइप करते आहे. मध्ये मध्ये थांबून माझ्याकडं बघते, त्याला माझा इलाज नाही.

नवं मराठी राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं घर येडशीला, छोट्या रेल्वेच्या स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. माझे वडील, आबा, भिक्षुकी करायचे. घरात आबा, मी आणि माझी वहिनी. मी तिथल्याच शाळेत नुकती लागले होते. रामलिंगला जाणाऱ्या रस्त्यावर गावातल्या पुढाऱ्यांनी एक समिती करून मुलांसाठी मोठी बाग काढली होती. तोवर आमच्याकडं असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. सिमेंटचा हत्ती, त्याच्या सोंडेवरून घसरगुंडी. सिमेंटची मगर, तिच्या तोंडातून आत शिरून शेपटाकडून बाहेर यायचं. हरणं होती, जिराफ होता, आणि एक झेब्रा – त्याला गावातले लोक शेवटपर्यंत पट्ट्याचं गाढवच म्हणत राहिले. श्रावणी सोमवारी रामलिंगला आलेली माणसं आधी देवाला जायची आणि मग मगरीत शिरायची.

ही सगळी जनावरं केली ती शंकररावांनी. ते कोल्हापूरकडचे शिल्पकार. उंच, हडकुळे, तोंडात कायम पान. मुंबईला शिकून आलेले, पण पोटासाठी सिमेंटची जनावरं करत गावोगाव फिरायचे. एकदा मगरीला दात बसवताना मला म्हणाले होते, "बाई, एकदा तरी माणूस करायचा हाय ब्राँझमधी. खाली माझं नाव. मग मेलो तरी चालंल."

ती संधी त्यांना मिळाली, ती आमच्या दादामुळं.

दादा माझा मोठा भाऊ. रझाकारांच्या काळात तो सरहद्दीवरच्या कॅम्पात निरोप पोचवायचा. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात एका दुपारी तांब्यातून घटाघट पाणी प्याला, "येतो गं" म्हणाला, आणि गेला. तो परत आला नाही. कुणी म्हणालं गोळी लागली, कुणी म्हणालं धरून नेलं. देह मिळाला नाही. वहिनीचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

वहिनीचं माहेर आमच्याच भागातलं, वाशीचं. बोलणं थोडं, पण एकदा नाही म्हटलं की नाही. तिनं कुंकू पुसलं नाही. दादाचा तांब्याचा तांब्या, त्याचं नाव घातलेला, ती रोज चिंचेनं घासून पाण्यानं भरून ठेवायची. लोक काय म्हणायचे ते तिच्या कानावर जायचं. तिनं उलट उत्तर कधी दिलं नाही, आणि कुंकूही लहान केलं नाही.

पण बारा वर्षं झाली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते – परागंदा माणसाची बारा वर्षं काही खबर लागली नाही, तर तो गेला असं धरतात. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. त्याला पालाशविधी म्हणतात. मग त्याला पाणी सोडता येतं, पिंड देता येतो. आणि त्याच वेळी बायकोचं कुंकू पुसतात, बांगड्या उतरवतात.

आबांनी दुसऱ्यांच्या घरी हा विधी केला होता. आता स्वतःच्या मुलाचा करायचा होता. त्यांना दम्यानं घेरलं होतं, आपण फार दिवस काढणार नाही हे त्यांना कळत होतं. ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा म्हणायचे, "बारा वर्षं झाली, पोराला पाण्याचा थेंब न्हाई. तहानलेला फिरत असंल. मी मेलो तर त्याला पाणी कोण दील?" हे म्हणताना त्यांचा आवाज असा व्हायचा की मला घरात बसवायचं नाही.

वहिनी म्हणायची, "मामंजी, जित्या माणसाला मेल्याचं पाणी द्यायचं न्हाई."

मी कुणाच्या बाजूनं होते? आबांच्या. दादा गेला, हे मी मनाशी कधीच मान्य केलं होतं. वहिनीचं वेड मला बघवत नव्हतं.

समितीनं नेमकी तीच वेळ साधली. बागेत हुतात्म्याचा पुतळा बसवायचा, छातीपर्यंतचा, ब्राँझचा. माघात मोठे पाहुणे येणार, अनावरण करणार. आबांनी विधीसाठी त्याच दिवसाची सकाळ धरली. सकाळी रामलिंगच्या ओढ्यावर पानांचा दादा जाळायचा आणि दुपारी बागेत ब्राँझचा दादा उघडायचा.

आता पंचाईत अशी की दादाचा फोटो नव्हता. लग्नातला एक होता, त्यात तो नेमका हलला होता; डोक्याच्या जागी नुसता धूर. शंकरराव म्हणाले, "फिकीर न्हाई. घरातली माणसं हाईत की." त्यांची पद्धतच तशी होती. नातेवाइकांना समोर बसवून ते मेलेल्या माणसाचा चेहरा गोळा करायचे. माझं कपाळ घेतलं. जबडा आबांचा. कान तर आबांचेच, कारण दादाचे कान हुबेहूब आबांसारखे, मोठे आणि जरा बाहेर आलेले. लहानपणी मी त्याला सुपकान्या म्हणायची. मातीत तो कान तयार झालेला पाहिला आणि मला रडू आलं. पुढं साच्यासाठी त्या मातीवरून मेणाची नक्कल काढली, तिच्यातही तो मी पाहिला. दोन्ही कान, जिथल्या तिथं. हे ध्यानात ठेवा.

वहिनी मात्र तिकडं फिरकली नाही.

धातूसाठी गावानं जुनी तांब्याची भांडी दिली, फुटके हंडे, बंब, पळ्या. शंकरराव त्यात कथील मिसळणार होते. आणि एका सकाळी आबांनी, वहिनी नदीवर असताना, दादाचा तांब्या उचलून तिथं दिला. गेलेल्या माणसाचं पाणी प्यायचं भांडं घरात ठेवू नये म्हणून. वहिनी परत आली तेव्हा तो भट्टीत गेला होता. ती मोकळ्या कोनाड्यापुढं उभी राहिली, आणि मग म्हणाली, "मामंजी, माझा बी गळा दाबायचा होता." बस्स, एवढंच. त्या दिवसापासून दोघांत बोलणं बंद झालं.

बागेच्या मागं खड्डा करून ओतकाम झालं. भर दुपारी, सगळ्या गावासमोर. साचा फोडला, शंकररावांनी ब्रश मारला, आणि मी त्यांचा चेहरा उतरताना पाहिला. सगळं काही उत्तम आलं होतं. उजवा कान नव्हता.

"हवा अडकली असंल," ते म्हणाले. मीही तेच म्हणाले, मोठ्या शास्त्राच्या बाई! रस पोचला नाही, हवा कोंडली, साधी गोष्ट.

त्यांनी तो वितळवला. साचा नवा केला. या वेळी रस जायची एक वाट थेट त्या कानातच काढली, म्हणजे सगळ्यात आधी कान भरावा. पुन्हा ओतला. पुन्हा सगळं आलं, नाकपुडीची कड सुद्धा आली. कान नव्हता. आणि जागाही तीच, आकारही तोच.

आता माघ लागला होता. शंकरराव जेवेनासे झाले. त्यांनी कान वेगळा ओतला, खिळ्यांनी बसवला, झाळून टाकला. समितीचे अध्यक्ष बघायला आले. पागोटं, हातात छडी, जुन्या राजवटीतले वकील.

"छान! आता काही तक्रार न्हाई," ते म्हणाले, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो कान सुटून त्यांच्या जोड्याजवळ पडला. कुणी हात लावला नव्हता. अध्यक्ष दोन पावलं मागं सरले. शंकररावांनी कान उचलला, खिशात घातला आणि म्हणाले, "ह्यो ठरत न्हाई, साहेब. ह्येला नगंच हाय."

"पाहुण्यांचा सगळा इंतजाम झालाय! बिनकानाचा हुतात्मा दाखवू काय मी?"

शेवटी अध्यक्षांनीच तोडगा काढला. पुतळा असा बसवायचा की उजवी बाजू सिमेंटच्या हत्तीकडं येईल. तिकडून कोण बघतंय?

गावात बोभाटा झालाच. वहिनीच्या कानावर गेलं, आणि ज्या बागेत तिनं पाय ठेवला नव्हता तिथं ती आली. मी बरोबर होते. तिनं दादाच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलंही नाही, सरळ हत्ती आणि पुतळा यांच्या मधल्या बोळकांडीत शिरली. बोटांनी ती जागा चाचपली. मग माझा हात ओढून तिथं ठेवला. "बघा वन्सं. हे मोडल्यावानी लागतंय का?"

तसं लागत नव्हतं. तुटक्या धातूला धार असते, खरखर असते. इथं कडा आत वळून गुळगुळीत झाल्या होत्या. भाजल्याची किंवा कापल्याची जुनी खूण अंगावर असते ना, तशी.

"ही भरलेली जखम हाय," वहिनी म्हणाली. "मेलेल्याची जखम भरत न्हाई."

घरी ती आबांपुढं उभी राहिली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "मामंजी, त्यांना लागलं होतं, पण ते वाचलेत. विधी करू नका. पाया पडते."

आबा भिंतीला धरून उठले. "सूनबाई, ओतकाम फसलंय ते! एका मिस्त्रीच्या चुकीपायी माझ्या पोराला तसंच तहानलेलं ठेवू व्हय?" आणि त्यांना धाप लागली. मी त्यांना धरून बसवलं आणि वहिनीवर ओरडले, "वहिनी, पुरे करा आता! त्यांचा जीव घ्यायचाय का?" ती आत निघून गेली. रात्रभर तिच्या खोलीतून बांगड्यांचा आवाज येत होता. काढून बघत असावी, पुन्हा घालत असावी.

विधीची सकाळ उजाडली. आबा दोन भटजींना घेऊन ओढ्याकडं आधीच गेले होते. मी वहिनीला घेऊन यायचं होतं. बघते तर वहिनी घरात नाही. विहीर डोळ्यांपुढं आली. विहिरीवर पाहिलं, स्टेशनाकडं पाहिलं, आणि मग बागेकडं धावले.

माघातली थंडी, दवानं गवत भिजलेलं. ऊन अजून बागेत उतरलं नव्हतं. पुतळ्यावर अनावरणाचं कापड होतं, ते हत्तीच्या बाजूनं वर सारलेलं, आणि वहिनी दादाच्या कानाच्या जागी हात ठेवून उभी. शंकरराव मगरीच्या पाठीवर बसले होते, घोंगडी पांघरून. मला पाहून म्हणाले, "बाई, मला चार रोजांपास्नं ठावं हाय. मी कुणाला सांगू? तुमी शिकलेल्या. तुमी हात लावा."

मी आधी खांद्याला लावला. बर्फासारखा गार, बोटं आखडली. गालाला लावला, तोही तसाच. मग वहिनीनं आपला हात काढला आणि मी त्या जागेवर ठेवला.

ऊबदार होती.

वहिनीच्या हाताची ऊब असणार. मी तसंच म्हणाले आणि थांबले. आम्ही तिघं तिथं नुसते उभे राहिलो, कुणी हात न लावता. आगगाडी येऊन गेली, तिच्या धुराचा वास बागेत पसरला आणि विरला. पुन्हा लावला. गाल गार. मान गार. आणि त्या दोघांच्या मधोमध, रुपयाएवढ्या जागेत, माणसाच्या अंगाला असते तेवढी ऊब. ताप नसलेल्या, धडधाकट माणसाच्या.

धातूत उष्णता पसरते. हे मी आदल्याच आठवड्यात मुलांना शिकवलं होतं, पळी चुलीवर धरून. एका सलग पुतळ्यात एवढीशी जागा ऊन आणि बाजूचं सगळं गार, असं होत नाही. होऊच शकत नाही. मी हात झटकन काढून घेतला. आणि खरं सांगते, भीतीनं नाही. दादा जिवंत असेल हा विचार इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनात आला, त्यानं.

मी ओढ्याकडं पळाले. पानांचा माणूस दर्भावर निजवलेला होता, लोकरीच्या धाग्यानं बांधलेला, डोक्याच्या जागी नारळ. आबांच्या हातात पेटलेली काडी होती.

"आबा, थांबा!"

"आता तू बी?" ते म्हणाले. एवढंच. पण मी कधी असलं काही बोलत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी काडी पाण्यात टाकली आणि माझा खांदा धरून, दर दहा पावलांवर थांबत, बागेत आले.

त्यांनी हात लावला. डोळे मिटले. तो हात कितीतरी वेळ त्यांनी काढला नाही, आणि लहान मुलाच्या कानामागून फिरवतात तसा अंगठा तिथं फिरत राहिला. मग त्यांनी वहिनीकडं पाहिलं. "सूनबाई, माझं चुकलं. तांब्या द्यायला नको होता मी." आणि जरा वेळानं, "मी काय आता टिकत न्हाई. वेळ येईल तवा त्याला पाणी तू दे. तुझ्याच हातानं."

दुपारी पाहुणे आले, पडदा ओढला, टाळ्या वाजल्या. वहिनी पुढच्या रांगेत हिरव्या बांगड्या भरून, ठसठशीत कुंकू लावून बसली होती. हुतात्म्याच्या बायकोला तशी पाहून पाहुणे भाषणात दोनदा अडखळले. अध्यक्षांनी आमच्याशी बोलणं टाकलं. शंकरराव समारंभाला नव्हतेच. खाली त्यांचं नाव कोरायला जागा ठेवली होती, ती कोरी. जाण्याआधी ते घरी येऊन वहिनीच्या पाया पडले आणि म्हणाले, "मी मेलेल्याचा पुतळा करायला आलो हुतो. ह्ये माझं काम न्हवं, वैनी. माझ्या नावाखाली ठेवू नगा." पुढं कळलं, त्यांनी नंतर कुठंच माणसाचा पुतळा केला नाही. तो सुटा कान त्यांच्याकडंच राहिला.

शोध घेतला नाही असं समजू नका. वहिनीचा भाऊ वाशीहून आला, गुलबर्गा, बिदर, हैदराबादचे दवाखाने, तुरुंग, मठ सगळं पालथं घातलं. एका कानाची माणसं सापडली, दादा सापडला नाही. आबा त्याच पावसाळ्यात गेले. वहिनी मात्र रोज सकाळी बागेत जायची. मुलं हत्तीच्या सोंडेवरून घसरत असायची आणि मागं ही कानावर हात ठेवून उभी. घरी येऊन मला एकच शब्द सांगायची, "हायत." मग चुलीपाशी बसायची. अशी वर्षं गेली. मी सुद्धा कधी कधी हात लावून यायची. थंडीत, पावसात. ऊब तेवढीच, कमी नाही, जास्त नाही.

आणि मग एक वैशाख. शाळेला सुट्टी होती. भर दुपारी वहिनी दारात आली, अनवाणी. सकाळी जाऊन आली होती, तरी पुन्हा का गेली होती हे मी कधी विचारलं नाही. ती शांत होती.

"वन्सं, एकदा चला."

आमच्याकडचा वैशाख ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. झेब्र्याचा रंग सुद्धा उकलला होता. पुतळ्याच्या खांद्याला बोट लागलं आणि मी चटका बसून मागं झाले. तव्यासारखा तापला होता. पदर हाताला गुंडाळून मी पुढं वाकले आणि कानाच्या जागी नुसती बोटं टेकवली.

गार. नव्या माठाच्या बुडासारखी गार. भोवतालचं सगळं पोळत असताना, तेवढीच जागा.

आम्ही दोघी हत्तीच्या सावलीत बसलो. मी रडत होते, ती रडत नव्हती. थोड्या वेळानं तिनं हात उलटा करून कुंकू पुसलं, आपलं आपणच. बांगड्या फोडल्या नाहीत, एक एक काढून माझ्या ओटीत ठेवल्या. मी म्हणाले, "वहिनी, कशावरून? उद्या पुन्हा बघू. परवा बघू."

"न्हाई वन्सं," ती म्हणाली. "चला आता. लई तहान लागली असंल त्यांना."

त्या उन्हात आम्ही पळसाची पानं गोळा केली. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या उरल्यासुरल्या पाण्याकाठी विधी झाला. भटजी कुरकुरले, पण आबांचा शब्द होता. वहिनीनं दादाला तिच्या हातानं पाणी दिलं. ओंजळ रिकामी झाली तरी पुन्हा भरत राहिली, भटजी पुरे म्हणाले तरी थांबली नाही.

दादा तोवर कुठं होता, त्याला आम्ही आठवत होतो का, तो का आला नाही... काही कळलं नाही. कधीच कुणी निरोप घेऊन आलं नाही. वहिनीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ओतकाम, हवा, धातूतले दोष – मी या सगळ्यावर पुस्तकं धुंडाळली, जाणकारांना विचारलं. एकानं मला अगदी सौम्यपणे सांगितलं, बाई, दुःखात असं वाटतं. असेल. पण मग खांद्याला लागून बोटाला फोड आला आणि त्याच हाताला कानाच्या जागी गारवा लागला, हे दोन्ही कसं, ते त्याला सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

मागच्या वर्षी नातीनं गाडीतून नेलं. मगर आता नाही, हत्ती आहे, रंगवलेला. पुतळाही आहे. मी हत्तीच्या मागून गेले, हात लावला. थंडीचे दिवस होते; कानाची जागा बाकीच्या पुतळ्याएवढीच गार. नात म्हणाली, "आजी, चल ना, काय बघतेस?"

"काही नाही," म्हणाले. बाटलीत थोडं पाणी होतं, ते त्याच्या चौथऱ्याशी ओतलं आणि निघाले.